सोमवारची मोटार

मोटारीच्या पायरीवर बसून मल्लिकार्जुन भाकरी खात होता, आणि कल्याणरावांचा जीव टांगणीला लागला होता.

परभणीच्या अड्ड्यावर त्यांच्या मालकीची गंगाखेडची मोटार भरून तयार होती. पहिल्या बाकावर त्यांची लेक चन्नबसम्मा तीन महिन्यांचं बाळ पदराखाली घेऊन बसलेली. माहेरचं बाळंतपण उरकून आज ती सासरी निघाली होती. आणि ड्रायव्हर सकाळपासून दुसऱ्यांदा जेवत होता!

"झालं का रे?"

"दोन घास राहिले, मालक. सुई घेतली की पोटात कायतरी पडावंच लागतंय."

मल्लिकार्जुनाला गोड लघवीचा आजार जडला होता. हैदराबादच्या डॉक्टरानं रोज इन्सुलिनची सुई टोचून घ्यायला सांगितलं होतं. हे त्यानं आपणहून मालकांना येऊन सांगितलं. सांगितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं. पण कळलं, आणि तेव्हापासून कल्याणरावांच्या डोक्यात भुंगा शिरला.

"अन् न्हाई पडलं तर?"

"हात कापतेत. घाम सुटतो. मग डोळ्यापुढं अंधारी येती, ध्यानच ऱ्हात न्हाई. म्हणून तर मी वाटंत दोनदा गाडी थांबवून गूळ खातो. तेवढं जपलं की कायबी खतरा न्हाई."

तो इतक्या सहज बोलला की घाम कल्याणरावांनाच सुटला. ध्यान राहत नाही म्हणे! त्यांना गोदेकाठी उतरणारा रस्ता आठवला. असल्या माणसाच्या हाती लेक आणि नातू सोपवायचे म्हणजे विस्तवाशी खेळ. ते चार पावलं गेले, परत आले, पुन्हा गेले.

दुसरा ड्रायव्हर भुजंग पुढं उभा राहून हँडल मारत होता. उंचापुरा, धिप्पाड गडी. वाटेत चहा नाही, विडी नाही. गाडी अशी पळवायचा की उतारू देवाचं नाव घेत बसायचे, पण वेळ कधी चुकली नाही.

"भुजंग, तू जेवलास का?"

"आज सोमवार हाय, मालक. माझा निर्जळी उपास असतोय. सांजच्याला म्हादेवाला बेल वाहूनच सोडतो."

कल्याणरावांचा हात आपसूक गळ्यातल्या लिंगाकडे गेला. शिवाचं करणारा माणूस! एक हा, आणि एक तो सकाळपासून चरतोय.

"मल्लिकार्जुन, ऊठ तिथून. आज गाडी भुजंग नेईल."

मल्लिकार्जुनाचा घास हातातच राहिला. "माझं काय चुकलं, मालक?"

"चुकलं काय न्हाई. पण आत माझी पोरगी हाय."

मल्लिकार्जुनानं उरलेली भाकरी बांधून ठेवली. मग त्यानं किल्ली भुजंगच्या हातावर ठेवली. "उतारावर दमानं घे बाबा."

"भित्र्यानं मोटार चालवू नये," भुजंग हसला आणि ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसला.

चन्नबसम्मानं बाहेर डोकावून विचारलं, "अप्पा, मल्लण्णा का न्हाईत? ते लय जपून चालवतेत."

"तू गुमान बस. भुजंग धडधाकट गडी हाय."

मोटार निघाली, वळणावर दिसेनाशी झाली. कल्याणरावांनी सकाळपासून पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. आता त्यांना मल्लिकार्जुनाची कीवही आली. बिचारा, माणूस इमानी होता.

"तुला गोदामावर काम देतो," ते म्हणाले. "उपाशी ठेवणार न्हाई."

तेवढ्यात भुजंगची बायको कडूबाई धापा टाकत अड्ड्यावर आली. तिच्या हातात फडक्यात बांधलेली दशमी होती.

"मालक, मोटार गेली का?"

"गेली की. का गं?"

ती वळणाच्या दिशेनं थोडी धावली आणि परत फिरली.

"तुमी कामावरून काढचाल म्हणून आमी लपवलं, मालक. बुधवारपासून त्यास्नीबी सुई सुरू हाय. आज सकाळी टोचून घेतली, अन् सोमवार म्हणून काय न खाताच निगाले."