खलीलचा बाप

जुमानानं बाकाचा पाय दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. अंगात दवाखान्याचा हिरवा झगा, पायांत स्वतःच्या लाल चपला. ऑपरेशनला न्यायची ढकलगाडी समोर उभी होती आणि पोर काही केल्या तिच्यावर चढायला तयार नव्हती.

"अबू खलील!" नजाह सिस्टरनं हाक मारली.

"ओ," इब्राहिम म्हणाला. तो औषधांच्या खिडकीशी उभा होता.

"अहो, जरा समजवा ना पोरीला. आत डॉक्टर खोळंबलेत."

इब्राहिम येऊन पोरीजवळ उकिडवा बसला. टायरच्या दुकानातलं काळं नखांतून निघालं नव्हतं, म्हणून तिला मनगटानंच थोपटू लागला.

इर्बिदसारख्या अरबी शहरात बाप्याला नुसत्या नावानं हाक मारणं बरं दिसत नाही. थोरल्या मुलाचा बाप म्हणून हाक मारायची, अबू अमुक, अबू तमुक. मुलगा नसेल तर लोक आपल्या मनानंच एक देऊन टाकतात. इब्राहिम पैगंबरांची पदवी खलील, म्हणून इब्राहिम नावाच्या माणसाला हटकून खलीलच मिळतो. या इब्राहिमच्या घरी तिन्ही मुलीच. जुमाना थोरली, आणि धाकटी इतकी नवी की तिची आई अजून अंथरुणातून उठली नव्हती. खलीलचा पत्ता नाही, पण त्याच्या नावानं हाका मारायला कुणी थकत नव्हतं. सिस्टरही बिचारी मान द्यायलाच म्हणत होती. तिचं तरी काय चुकलं?

"चल गं राणी," सिस्टर म्हणाली. "छातीला हातसुद्धा लावणार नाहीत. मांडीतून बारीक नळी घालून हृदयाचं भोक बुजवतील. तुला झोपेत कळणारही नाही."

"खलीलचं बुजवा," जुमाना म्हणाली.

बाकावर नातवाला घेऊन बसलेला म्हातारा खुदकन हसला. सिस्टरलाही हसू आवरेना. "अगं, खलील कुठाय इथं?"

"मग सगळे त्याच्याच नावानं का हाका मारतात?"

"बोलायची रीत असते बाळा," इब्राहिम म्हणाला. "खलील नाहीच आहे."

"मग तू ओ का देतोस?"

इब्राहिमनं सिस्टरकडं पाहिलं. ती झग्याची सुटलेली नाडी बांधायला लागली.

"आजी म्हणाली, या वेळी नाही आला, पुढच्या वेळी नक्की येईल." जुमानाचा आवाज बारीक झाला. "मी आत झोपले आणि उठलेच नाही, तर माझ्या जागी तो येणार ना? म्हणून आत्तापासून हाका मारताय."

घरीदारी, दुकानात, मशिदीच्या पायऱ्यांवर, जिथं जिथं इब्राहिमनं त्या नावाला ओ दिली होती, तिथं ही पोर बहुतेक वेळा त्याचं बोट धरून उभी होती.

आतलं दार उघडलं. डॉक्टरांनी मास्क हनुवटीखाली ओढला. "अबू खलील, काय चाललंय? पुढचं पोर उपाशी थांबलंय."

ओ जिभेवर आलीच होती. त्यानं ती गिळली.

"खलील कुणी नाही, डॉक्टरसाहेब. मी हिचा बाप. मला अबू जुमाना म्हणा."

"अरे, पोरीच्या नावानं?" म्हातारा न राहवून बोलला. "उद्या बाजारात लोक हसतील की."

"हाजी, तुम्ही आपल्या नातवाकडं बघा," सिस्टर फटकन म्हणाली.

डॉक्टर घाईत होते, पण त्यांनी पोरीचा चेहरा पाहिला. "बरं. अबू जुमाना, ठेवा तिला गाडीवर."

जुमानानं बाकाचा पाय सोडला. इब्राहिमनं तिला उचलून गाडीवर ठेवलं, तिच्या चपला काढून स्वतःच्या काखेत धरल्या. गाडी आत गेली आणि दार लागलं. दाराला कपाळ टेकून तो ऐकत राहिला.

"आता मास्क लावू या," आतून डॉक्टर म्हणत होते. "मोठ्यानं आकडे मोज बघू."

"आधी बाबाला हाक मारा. तो ओ देतो का, मला ऐकायचंय."

मग डॉक्टरांनीच मोठ्यानं हाक दिली, "अबू जुमाना!"

सगळा मजला वळून बघेल एवढ्यानं इब्राहिम बंद दारावर ओरडला, "ओ!"