आबा उठले नाहीत

"थांबव. तिथंच थांबव," केसरीनाथ म्हणाला. धाकट्या लेकीनं, रुचिकानं मोबाईलवर बोट दाबलं आणि भिंतीवरच्या टीव्हीत आबांचा चेहरा स्थिर झाला.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा गॉगल, डोक्याला कानटोपी, अंगावर शाल आणि शालीवरून आवळून बांधलेला मानाचा लाल शेला.

"काय बसलाय बघा माझा बाप," केसरीनाथ म्हणाला. "पाटील म्हनजे पाटील."

अंजूरमधलं त्याचं घर आज माणसांनी भरून गेलं होतं. 'रेतीबोट' बँडनं आपल्या सुरुवातीच्या दिवसांचं चित्रण सकाळीच यूट्यूबवर टाकलं होतं. बँडचा पहिलावहिला कार्यक्रम ह्याच घरात झालेला, केसरीनाथच्या मोठ्या लेकीच्या, मृणालीच्या हळदीला. त्यात बँडचा गायक भावेश स्वतः ते बघायला आला होता. ज्याच्या शोचं तिकीट मुंबईत मिळत नाही, तो केसरीनाथच्या बायकोच्या, सीताबाईच्या हॉलमध्ये फरशीवर मांडी घालून कांदाभजी खात होता. मग गावाची छाती फुगली तर नवल कसलं?

आता आबांचं सांगायलाच हवं. आबा म्हणजे तुळशीराम पाटील, सीताबाईचे सासरे, जुने भजनीबुवा. कान तिखट आणि जीभ त्याहून तिखट. गाणारा बेसूर झाला की हा माणूस गाण्याच्या मधेच उठायचा, धोतर झटकायचा आणि चालू पडायचा. कोन गावापासून वडप्यापर्यंतच्या बेंजोवाल्यांना त्या धोतराची धास्ती होती. आबा उठले, की त्या पार्टीला पुढच्या हंगामात कुणी विचारायचं नाही.

आणि ह्या नवख्या पोरांपुढं आबा शेवटच्या गाण्यापर्यंत बसून राहिले. भावेश प्रत्येक मुलाखतीत हे सांगायचा. चाहत्यांनी तर टी-शर्ट छापून घेतले होते, 'आबा उठले नाहीत'. आज हॉलमधली निम्मी पोरं तेच घालून आली होती.

रुचिकानं व्हिडिओ पुढं चालवला. टेम्पोतून बर्फाच्या लाद्या उतरत होत्या आणि त्या उचलत होता मिसरूड फुटलेला भावेश.

"काकी, हिवाळ्यात एवढा बर्फ? सरबत पितंय कोन?" टीव्हीतला भावेश कुरकुरला.

"मागच्या खोलीत न्हे. बोलू नको," टीव्हीतली सीताबाई म्हणाली.

हॉलमध्ये हशा पिकला. रुचिका खालच्या कमेंट वाचायला लागली. "ही बघा. 'आमच्या हिरोनं बर्फ वाहिलाय, तुम्ही काय मेहनत शिकवता.' आणि आई, हे तुझ्यावर. 'सून असावी तर अशी, सासऱ्याच्या खांद्यावरचा हात एकदा पण हलला नाही.'"

"मेल्यांना दुसरं काय दिसत न्हाय," सीताबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली आणि पुढची भजी सोडायला आत वळली.

"खरंच हाय पन," शेजारची आक्का बोलली. "आनि आबा तर लय पुण्यवान. मृणालीचं लगीन दोनदा सुतकानं लांबलं होतं. तिसऱ्या खेपेला नवऱ्याकडचे थांबते का? पोरगी जन्माची घरात राहिली असती. आबांनी दम धरला. दुसऱ्या दिवशी वरात वेशीबाहेर गेली, मगच डोळे मिटले त्यांनी."

टीव्हीत शेवटचं गाणं संपलं. तरणा भावेश घामाघूम होऊन आबांच्या पाया पडायला वाकला, तशी सीताबाई मधे आली. "पुरे आता. आबांना लय दगदग झाली." चित्रण तिथंच संपलं आणि टाळ्या पडल्या.

भावेश मात्र टाळ्या वाजवत नव्हता. तो उठून स्वयंपाकघराच्या दारात गेला.

"काकी, एक इचारायचं होतं. म्हनून आलोय." "आबा उठले न्हाय म्हनून मी गोडाऊनची ड्युटी सोडली. घरचे शिव्या घालत होते, तरी सोडली. उद्या भिवंडीत शो हाय. आमच्याबद्दल आबा नंतर काय बोलले का? एक शब्द. वाईट असला तरी चालंल. तोच स्टेजवर सांगेन."

केसरीनाथ टीव्हीच्या रिमोटशी चाळा करू लागला.

सीताबाईनं गॅस बारीक केला. पदराला हात पुसला आणि तो भावेशच्या डोक्यावर ठेवला.

"वाईट काय बोलले न्हाय, बाला. पन मी सांगते ना. तुझं गानं मी ऐकलं. अख्खं ऐकलं, जागची हलले न्हाय. आबांच्या घरात जल्म काढलाय मी, सूर मलाबी कळतो. लय गोड गायलास तू. उद्या हेच सांग."

भावेशचे डोळे भरून आले. तो तिच्या पाया पडला. बाहेर पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं, आणि गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत अंगणात शिट्ट्या चालू होत्या.

घर रिकामं झालं. केसरीनाथ उष्टे कप गोळा करून स्वयंपाकघरात आला.

"सांगून टाकायला हवं होतं गो," तो हळू आवाजात म्हणाला. "पोरगा केवढ्या आशेनं आलता."

"काय सांगू?" सीताबाईनं त्याच्या हातातले कप घेतले. "आबांना खुर्चीला बांधलं, तवा जीव जाऊन दुपार उलटली होती म्हनून?"