ताटाची डावी बाजू

मेंदूच्या झटक्यानंतर आयली कोस्केलाबाईंचे डोळे ठणठणीत होते, पण त्यांच्या लेखी डावीकडचं जगच उरलं नव्हतं. डलूथच्या आमच्या वॉर्डात असे पेशंट ताटाची उजवी बाजूच तेवढी खातात. मग नर्स ताट फिरवते आणि उरलेलं त्यांना सापडतं. मी रोज बाईंना सांगायचे, "मान वळवा बाई. अजून डावीकडे."

सोमवारी नर्स मार्लिस ताट फिरवायला गेली, तर ते चाटूनपुसून साफ. "डॉक्टर, बाई बऱ्या झाल्या की हो!"

पण तपासणीसाठी बाईंनी कागदावर काढलेल्या घड्याळाच्या चित्रात बाराही आकडे अजून उजवीकडेच दाटले होते. मला राहवेना. मंगळवारी जेवणाच्या वेळी मी वही घेऊन त्यांच्यासमोर जाऊन बसले.

बाईंनी उजवीकडचे मटार संपवले आणि काटा ठेवला. डावीकडचे बटाटे तसेच होते. मी वहीत वेळ लिहून वर पाहिलं, तर बटाटे नव्हते.

"बाई, बटाटे कुणी खाल्ले?"

"मला काय विचारता? तुमच्या शेजारी बसलीये, तिलाच विचारा."

मी डावीकडे पाहिलं. रिकामी खुर्ची, खिडकी, भिंत.

"इथं कुणी नाहीये."

बाईंना माझी कीव आली असावी. अगदी मायेनं म्हणाल्या, "मान वळवा, डॉक्टर. अजून डावीकडे."