ठमी घालणे

“ठमी घाला,” शिकवणारी ताई म्हणाली, आणि टेबलापलीकडे उभ्या असलेल्या बाईच्या तोंडून सवयीने “ओ” निघून गेलं.

कुणी ऐकलं नाही. लाँड्रीत सहा मोठी मशीनं एकदम फिरत होती. तिथे ओरडून बोललेलंही अर्धंच पोचायचं. ताईने वाळवून आलेली पांढरी चादर बाईपुढे सरकवली.

“चला मावशी, घाला ठमी. हीच चाचणी. जमली की काम पक्कं.”

बाईने चादरीकडे पाहिलं, मग ताईकडे. तिला लहानपणापासून सगळे ठमीच म्हणत आलेले. बावीस वर्षांपूर्वी ती याच लाँड्रीत घड्या घालायची, तेव्हाही ठमीच. ताई तेव्हा फार तर दुपट्यात असेल. म्हणजे ताई काही तिला हाक मारत नव्हती.

“ठमी म्हणजे?” तिने विचारलं.

“अगंबाई! घड्यांचं काम कधी केलंच नाही की काय?” ताईने दुसरी चादर उचलली. दोन टोकं धरून दोन्ही हात डोक्याच्या वर, फाडकन एक झटका, हवेतल्या हवेत तीन घड्या, आणि चादर विटेसारखी टेबलावर बसली. “ही ठमी. दवाखाने, हॉटेलं, सगळ्यांना अशीच लागते. आणि झटका महत्त्वाचा बरं का. झटक्याशिवाय ठमी नाही.”

“पण ठमी का म्हणतात?”

शेजारी दोन मुली उशांचे अभ्रे रचत होत्या. त्यांना बोलायला निमित्तच हवं होतं.

“ठमी म्हणजे ठेंगणी,” चष्मेवाली म्हणाली. “घडी कशी बुटकी होते बघा.”

“छे गं! पहिलं मशीन आलं ना, त्याच्या कंपनीचं नाव होतं म्हणे तसलं काहीतरी,” लांब वेणीवाली म्हणाली. “परदेशी.”

“तुम्ही दोघी काम करा,” ताई म्हणाली. “शिकवायच्या वहीत स्पष्ट लिहिलंय. ठमी म्हणजे दोन्ही हातांनी घातलेली तिहेरी घडी. बस.”

“बाई होती एक,” बाई म्हणाली. “इथेच कामाला. तिचा एक हात वर जात नव्हता. मोठी घडी जमेना, म्हणून तिने तीन लहान काढल्या.”

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं आणि फिसकन हसल्या.

“काहीही हं मावशी! मग इस्त्री काय इस्त्रीबाईंनी काढली?”

“आणि एका हाताने ठमी? ताईंना दोन हातांनी शिकायला महिना लागला!”

“पंधरा दिवस,” ताई म्हणाली. “घ्या मावशी. दोन्ही हात वर.”

या आठवड्यातलं हे तिसरं ठिकाण होतं. आधीच्या दोन ठिकाणी बाईचा हात बघूनच ‘कळवतो’ म्हणाले होते. ‘कळवतो’ म्हणजे काय ते आता तिला नीट कळलं होतं.

तिने हात उचलले. उजवा सरळ वर गेला. डावा खांद्यापर्यंत आला आणि नेहमीच्या जागी थांबला.

“दुखतोय?”

“नाही. एवढाच जातो. पहिल्यापासून.”

“मग ठमी कशी घालणार तुम्ही?” ताईने विचारलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच प्रश्न पडला होता.

बाईने चादरीचं एक टोक हनुवटीखाली दाबलं, कड कमरेने टेबलाला टेकवली आणि उजव्या हाताने ओढून घेतली. डावा हात खालून नुसता सपाट फिरत राहिला. एक. दोन. तीन. झटका नाही, आवाज नाही. तिने आपली घडी ताईच्या घडीवर ठेवली. चारी बाजूंनी कडा जुळल्या.

ताईने पट्टी लावून पाहिली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“अजून घाला.”

बाईने आणखी चार घातल्या. वेणीवालीच्या हातातला अभ्रा हातातच राहिला.

“भारीच की!” ती म्हणाली. “पण ही ठमी नाही.”

“ठमी नाहीच,” ताई म्हणाली.

चाचणीच्या कागदावर एकच रकाना होता. ताई जरा वेळ पेन चावत उभी राहिली आणि ‘ठमी’च्या पुढे तिने ‘येत नाही’ असं लिहिलं. बाईने ते समोरून, उलटं वाचलं. तिने आपली पिशवी खांद्याला लावली.

“अहो, थांबा ना! कुठे निघालात?”

ताईने कागदाच्या खाली हाताने एक रेघ मारली आणि नवा रकाना पाडला. त्यात लिहिलं, ‘साधी घडी’. पुढे लिहिलं, ‘येते’.

“उद्या आठला या. आठ म्हणजे आठ हं. नाव सांगा.”

बाईने शाळेच्या दाखल्यावरचं नाव सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव. ताईने ते लिहून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

“बापरे! या आवाजात एवढं लांबलचक कोण ओरडणार? घरी काय म्हणतात तुम्हाला?”

बाईने तोंड उघडलं, तेवढ्यात मशीनच्या मागून कुणीतरी खच्चून ओरडलं, “ए, इकडे अजून वीस ठमी पाठवा गं!”

चष्मेवालीने वीस घड्या मोजून ढकलगाडीवर ठेवल्या आणि गाडी तिकडे लोटली. बाईने गाडी वळेपर्यंत पाहिलं.

“ते नाव इथे आधीच कामाला लागलंय,” ती म्हणाली. “तुम्ही आपलं मावशीच म्हणा.”