पयल्यासारखा

कर्जतहून आलेल्या डॉक्टरांनी ओटीवरचा विळा उचलून दाखवला. बुधाजी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "इळा. भात कापायचा."

सोनुबाईने पदराने डोळे टिपले. चौकच्या रस्त्यावर टेंपोने तिच्या लेकाला उडवलं, तेव्हा मुंबईच्या इस्पितळात सांगितलं होतं, मेंदूतलं मेलं ते मेलं, मोठ्या माणसाच्या डोक्यात नवं काही उगवत नाही. पोशीरला घरी परतला तेव्हा बुधाजीला आई कोण तेही कळत नव्हतं. बायकोने, जिजाने, त्याला एकेक शब्द शिकवला.

"पुस्तकातलं सगळंच खरं नसतं," डॉक्टर म्हणाले. "परदेशात कुणी पूर्ण वाढलेल्या उंदरांच्या मेंदूत नव्या पेशी पाहिल्यात म्हणे. माणसाचं अजून नक्की ठाऊक नाही. पण याच्या डोक्यात काहीतरी नवं धरतंय."

"म्हंजी माझा बुधा पयल्यासारखा व्हईल?"

"कुणी सांगावं? होईलही."

सोनुबाई देवापुढे साखर ठेवायला आत धावली. जिजाचा हात मात्र डाव्या कानाकडे गेला.

पहिला बुधाजी तिला चांगला आठवत होता. भाकरी करपली की त्याचा हात उठायचा. कधी काहीच झालेलं नसलं तरी उठायचा. तिचा डावा कान त्यानेच कायमचा बधिर केला होता. हा बुधाजी तिच्यामागं विहिरीवर यायचा आणि दिसेल त्याचं नाव विचारायचा.

त्या दिवसापासून जिजाने शिकवणं सोडलं. कुठल्या शब्दासरशी तो जुना माणूस जागा होईल, कोण जाणे. "ह्ये काय गं?" त्याने विचारलं की ती तोंड फिरवायची. तो हिरमुसायचा. मग आईला विचारायचा, शेजाऱ्यांना विचारायचा. शब्द वाढतच होते.

भातकापणी आली. दुपारी बांधावर दोघं भाकरी खायला बसली. बुधाजी तिच्याकडे बघत होता. एकाएकी त्याचा हात उठला.

जिजाने दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि ती अंग चोरून बसली.

काहीच झालं नाही. तिने हळूच वर पाहिलं. बुधाजीच्या चिमटीत तिच्या केसांतली पेंढ्याची काडी होती. त्याचा चेहरा उतरला होता.

"का भ्यालीस गं? कोन मारायचं तुला?"

जिजाने त्याच्या डोळ्यांत बघितलं. तिथं ओळखीचं कुणी नव्हतं.

"व्हता एक," ती म्हणाली. "गेला त्यो."

"बरं झालं," बुधाजी म्हणाला.