चार देवळांचा रस्ता

वीस मिनिटांच्या त्या रस्त्यावर चार गावं होती, दोन दगडी पूल, सदतीस गायी, एक गव्हाचं मळणीयंत्र आणि चार चर्च. समीक्षाने दोनदा मोजून खात्री केली होती. रस्ता फ्रान्समधला होता आणि खारघरच्या अकराव्या मजल्यावर, हॉलमधल्या टीव्हीवर दिसत होता. टीव्हीपुढे स्टँडवर सायकल पक्की बसवलेली. पायडल मारलं की पडद्यावरचा रस्ता पुढे सरकायचा, थांबवलं की थांबायचा. चढ आला की पायडल जड व्हायचं.

सायकलवर तिचे आजोबा बसले होते. काशीराम, वय एकाहत्तर, बायपासला चार महिने झालेले. छातीवर ठोके मोजणारा पट्टा.

डॉक्टरांची अट सोपी होती. वीस मिनिटं न थांबता, ठोके एकशेवीसच्या आत. जमलं तर आजोबांनी गावाकडे, गव्हाणच्या घरी एकटं राहायला हरकत नाही. नाही जमलं तर त्यांचा मुलगा शैलेश, म्हणजे समीक्षाचे वडील, ते घर भाड्याने देणार होता. भाडेकरू आज संध्याकाळी चावी न्यायला येणार होता. खारघरला आल्यापासून आजोबा लिफ्टने एकटे एकदाही खाली उतरले नव्हते.

गेल्या आठवडाभरात त्यांना वीस मिनिटं जमली नव्हती. दम लागत नव्हता. चर्च आलं की ते सायकलवरून उतरायचे.

"गावदेवीसमोरनं कोन सायकलीवर बसून जातं का?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"आजोबा, ते चर्च आहे."

"देऊलच ना?"

ते उतरून हात जोडायचे, चार पावलं चालून पुन्हा बसायला यायचे. पण पायडल थांबलेलं असल्यामुळे चर्च पडद्यावर तिथेच असायचं. मग ते बसायचे नाहीत. "आजून म्होरंच हाय." समीक्षा रिमोटने रस्ता पुढे न्यायची आणि घड्याळ शून्यावर यायचं. तिने समुद्राकाठचा एक रस्ता लावून पाहिला, एकही गाव नसलेला. आजोबा थोड्याच वेळात उतरले. "नुसता डांबर. गाव नाय, मानूस नाय. जायाचं कोनाकडं?"

आज रविवार. शैलेश सोफ्यावर बसला होता. "बाबा, आज काय ते होऊन जाऊ दे. आणि देऊळ आलं की सरळ डोळे मिटून घ्या."

"डोले मिटले की समोरचा जातं व्हय रे? थांब, मी मिटतों. बघू तू जातंस का."

समीक्षा हसली. शैलेश हसला नाही.

पहिलं गाव आलं. आजोबा उतरले. समीक्षाने रिमोट उचलला आणि तसाच धरून ठेवला. चाक थांबायच्या आतच आजोबा सायकलच्या बाजूला वाकून उभे राहिले होते आणि हाताने पायडल फिरवत होते. पडद्यावरचं चर्च हळूहळू सरकू लागलं. दार, खिडकी, मग एक बाक. बाकावर दोन म्हातारे बसले होते. आजोबांनी त्यांच्याकडे बघून मान हलवली.

"हे काय चाललंय?" शैलेशने विचारलं.

"गावान काय करतांव आमी? उतरून सायकल हातान धरतांव, देऊल सरला की बसतांव. तसाच." चर्च सरलं. आजोबा बसले.

"समीक्षा, ही चीटिंग झाली. सायकल पायाने चालवायची असते."

"पप्पा, डॉक्टरांना हृदय तपासायचंय, पाय नाही." ती फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होती. "आणि तेवढंच काम हाताने केलं की ठोके जास्त वाढतात. त्यांनी अट सोपी नाही, अवघड करून घेतलीय."

दुसरं गाव गेलं. तिसरं गेलं. दर वेळी ठोके आधीपेक्षा वर जात होते.

चौथं गाव टेकडीवर होतं आणि चर्च त्याच्या माथ्यावर. पायडल जड झालं. आजोबांनी दोन्ही हात लावले. एकशे बारा. एकशे पंधरा.

"आजोबा, एवढ्यापुरतं बसून मारा. पायांना इतकं जड जाणार नाही."

"यवढ्यापुरताच तर उतराचं असतं, बाय."

एकशे सतरा. एकशेवीसला समीक्षाने थांबवायचं, असं ठरलेलं होतं. सायकल स्टँडसकट डुगडुगू लागली. शैलेश उठून आला.

"सोडा बाबा. मी फिरवतो."

"हात लावू नको. तू लावलास तर ता तुजा चालना झाला, माजा नाय."

शैलेशचा हात पायडलपाशी थांबला. मग त्याने हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं. सायकल डुगडुगायची थांबली.

"श्वास धरू नका," तो म्हणाला. "सोडत सोडत फिरवा."

चर्चची भिंत संपली. पुढे गव्हाचं शेत आणि उतार. आजोबा सायकलवर चढले. शैलेशने हँडल सोडलं नाही.

वेळ संपली तसा रस्ता थांबला आणि पडद्यावर आकडे आले. शैलेशचा चष्मा सोफ्यावर राहिला होता.

"वाच," तो म्हणाला.

समीक्षाने वाचलं. वेळ वीस मिनिटं. अंतर पाच पूर्णांक एक किलोमीटर. थांबे शून्य. सर्वाधिक ठोके एकशे एकोणीस.