कल्ले

दवाखान्यातून वैजू सरळ धनेशच्या घरी आली. समुद्राखालच्या वस्तीत वाढलेल्या तिच्या पायांना घट्ट जमिनीची सवय नव्हती. मानेच्या दोन्ही बाजूंना, जिथे जन्मापासून कल्ले होते, तिथे आता टाके होते.

धनेशच्या आईनं दार उघडलं आणि ती बघतच राहिली. “अगो, तू वर? आणि कल्ले कुठे तुझे?”

“काढून टाकले, काकी.” हवेतला हा नवा आवाज वैजूला स्वतःलाच परका वाटला. “एकुलता एक पोरगा पाण्यात देणार नाही, असं म्हणाला होतात ना? म्हटलं, मीच येते. त्याला सांगितलं नाही. आज नारळी पौर्णिमेला अचानक समोर उभी राहणार होते.”

काकी उंबऱ्यातच खाली बसली. “तो सकाळीच उतरला गो तुझ्या घरी जायला. कल्ले बसवून घेतलेन, आता वरच्या हवेत श्वास नाही त्याला. तोही तुला सांगणार नव्हता.”

शरीर हे एकदाच सोसतं, असं डॉक्टरांनी दोघांनाही बजावलं होतं.

संध्याकाळी गाव वाजतगाजत धक्क्यावर आलं, दर्याला नारळ वाहून परतलं. वैजू शेवटच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसून राहिली. खालून ओळखीचा हात आला आणि त्यानं तिचा घोटा घट्ट धरला.

ती वाकली. पाण्याखाली धनेश जीव तोडून काहीतरी सांगत होता, तिच्याच वस्तीच्या बोलीत. तिच्यासाठीच शिकला असणार.

ती बोली कानांनी ऐकू येत नाही. कल्ल्यांनी येते.